ताप नसलेल्या माणसांचा शोध

मलेरियाची टेस्ट आपण कधी करतो? ताप आल्यावर. हुडहुडी भरते, अंग ठणकतं, दोन पॅरासिटामॉल खाऊन होतात आणि मग डॉक्टर म्हणतात, रक्त तपासून या. आधी तक्रार, मग टेस्ट. आम्ही सॉफ्टवेअरवालेही तेच करतो. युजर बोंबलला की लॉग उघडायचे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर नायजेरियात, कानो शहराच्या ईशान्येला असलेल्या गार्की जिल्ह्यात उलटं चाललं होतं. दर दहा आठवड्यांनी तपासनीसांची तुकडी गावात यायची आणि धडधाकट माणसांची बोटं टोचायची. शेतावर निघालेला शेतकरी, पाणी भरणारी बाई, मातीत खेळणारं पोर, सगळ्यांची. ताप आहे का, हा प्रश्न तिथे दुय्यम होता. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पट्टीवर नंबर घालायचा आणि मायक्रोस्कोपखाली परजीवी शोधायचे. ते सापडायचे. ज्याला काहीही होत नव्हतं त्याच्याही रक्तात सापडायचे.

आफ्रिकेतल्या मलेरियाचा इतिहास म्हणजे बराचसा या ताप नसलेल्या माणसांच्या शोधाचा इतिहास आहे. तो वाचताना मला सतत एक गोष्ट खटकत राहिली. शोध लागत गेला, तंत्रं सुधारत गेली, पण सापडलेल्या माणसाचं पुढे काय करायचं याचं उत्तर दर वेळी वेगळं निघालं. आणि ते उत्तर विज्ञानापेक्षा तपासणारा कोणाकडून आलाय यावर जास्त ठरलं.

सुरुवात अगदीच वाईट आहे. १८९७ साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. त्यानंतर दोनच वर्षांत ब्रिटिशांचे शास्त्रज्ञ पश्चिम आफ्रिकेत उतरले. कारण उघड होतं. हा किनारा 'गोऱ्या माणसाची कबर' म्हणून बदनाम होता, आणि कबरीत जाणाऱ्यांत साहेबलोक भरपूर होते. रॉयल सोसायटीच्या मलेरिया समितीने पाठवलेल्या स्टीफन्स आणि ख्रिस्टोफर्स या दोघांनी अक्रा, लागोस या भागांतल्या वस्त्यांमध्ये मुलांचं रक्त तपासलं. लहान मुलांमध्ये परजीवींचं प्रमाण प्रचंड. वय वाढेल तसं ते कमी होत जाणारं. प्रौढांमध्ये जवळपास काहीच दिसेना. मुलं मात्र हिंडतफिरत होती, खेळत होती.

म्हणजे कोणीही न मागितलेली, गावपातळीवरची मलेरियाची तपासणी साधारण १९०० सालीच झाली होती. निष्कर्षही बराच अचूक होता: लहान मुलं हा परजीवीचा साठा आहे, आणि वारंवार संसर्ग होऊन मोठ्यांच्या अंगात एक प्रकारची सहनशक्ती तयार होते. आता आजचा कोणीही म्हणेल, मग त्या मुलांना क्विनाइन द्या. त्यांनी शिफारस केली ती वेगळी. युरोपियनांनी आपली घरं या मुलांपासून दूर बांधावीत. डास फार लांब उडत नाही. मधे पुरेसं अंतर असलं की झालं.

सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये हे अंतर प्रत्यक्षात उतरलं. १९०४ साली शहरावरच्या टेकडीवर 'हिल स्टेशन' नावाची वसाहत उभी राहिली. खांबांवर उचललेले बंगले, अधिकाऱ्यांना खाली कचेरीत ने-आण करायला खास रेल्वे. फ्रीटाउनमध्ये शिकलेसवरलेले आफ्रिकन वकील होते, डॉक्टर होते, पण टेकडीवर घर करायला त्यांना जागा नव्हती. नाव 'हिल स्टेशन' का, हे माथेरान-महाबळेश्वरवाल्यांना समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे थंड हवा हा मुख्य मुद्दा नव्हता. काचपट्टीवर दिसलेल्या ठिपक्यांचं नगररचनेत भाषांतर झालं होतं.

हे अटळ होतं असंही नाही. त्याच काळात लागोसचा गव्हर्नर विल्यम मॅकग्रेगर हा स्वतः डॉक्टर होता. वंशावरून वस्त्या वेगळ्या करायला त्याने नकार दिला आणि क्विनाइन वाटण्यावर, दलदली बुजवण्यावर भर दिला. हातातली माहिती तीच, निर्णय दुसरा. त्यामुळे 'त्या काळी सगळे असाच विचार करायचे' हे वाक्य कोणी टाकलं की मला मॅकग्रेगर आठवतो. ख्रिस्टोफर्स पुढे हिंदुस्तानात आला आणि इथल्या मलेरिया संशोधनाचा मोठा माणूस झाला. त्याचं काम खरोखर मोठं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तपासा आणि औषध द्या, ही दुसरी कल्पनाही तेव्हाचीच. तिचा पुरस्कर्ता रॉबर्ट कॉख, क्षयाचा जंतू शोधणारा. न्यू गिनीतल्या एका जर्मन वसाहतीत त्याने वस्तीतल्या सगळ्यांचं रक्त तपासून ज्यांच्यात परजीवी दिसले त्यांना क्विनाइन दिलं, आणि मलेरिया खाली आला. मग जर्मनांनी हीच पद्धत पूर्व आफ्रिकेत दार-एस-सलाममध्ये लावून पाहिली. तिथे गाडी अडली. बंदराचं शहर, माणसं सतत येणार-जाणार. आज यादी करावी तर उद्या अर्धी खोटी. क्विनाइन कडूजहर, आणि ज्याला काहीच होत नाही त्याने ते दिवसेंदिवस का खावं? हे अडथळे लक्षात ठेवा. शंभर वर्षांनी ते जसेच्या तसे परत येणार आहेत.

मधल्या काळात खेडोपाडी तपासणीचं मुख्य साधन रक्त नव्हतंच. हात होता. मलेरिया वारंवार झाला की प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, सुजते. मुलाला उभं करून किंवा आडवं झोपवून डाव्या बरगडीखाली बोटं दाबली की कळतं. शंभरातल्या किती मुलांची पानथरी वाढलीय, यावरून गावाचा मलेरिया मोजायचा. ही युक्ती उत्तर हिंदुस्तानात कालव्यांच्या काठच्या गावांसाठी १८४०च्या दशकात डेम्पस्टर नावाच्या डॉक्टरने वापरली होती, परजीवी कोणी पाहायच्या कितीतरी आधी. १९५० साली युगांडात कंपाला इथे आफ्रिकेतल्या मलेरियावर पहिली मोठी परिषद भरली तेव्हा गावांची वर्गवारी ठरली ती याच मापाने. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त जणांची पानथरी कायम वाढलेली सापडली तर गाव सर्वांत वरच्या गटात.

कंपालाच्या परिषदेत खरी खडाजंगी मात्र वेगळ्याच मुद्द्यावर झाली. विल्सन आणि गार्नहॅमसारख्या पूर्व आफ्रिकेत काम केलेल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, घाई करू नका. इथल्या प्रौढांनी बालपणी फार मोठी किंमत देऊन ही सहनशक्ती कमावली आहे. तुम्ही चार वर्षं फवारणी करणार, औषधं वाटणार आणि पैसे संपले की निघून जाणार. मग प्रतिकारशक्ती नसलेल्या पिढीवर मलेरिया परत येईल तेव्हा काय? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, त्या 'किमती'त दर वर्षी मुलं मरतायत, ती मोजायची की नाही? परिषदेचा कौल दुसऱ्या बाजूने गेला. मला तो बरोबर वाटतो. पण पहिल्या बाजूचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. तो पैशाबद्दल आणि टिकण्याबद्दल होता, आणि त्याचं उत्तर आजही कोणाकडे खात्रीचं नाही.

१९५५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मलेरिया जगातून हटवायची मोहीम जाहीर केली. आफ्रिकेचा बहुतांश भाग तिच्यातून व्यवहारात बाहेरच राहिला. भारतात मोहीम जोरात चालली. डीडीटीची फवारणी, भिंतीवर रंगवलेली तारीख, दर पंधरवड्याला दारात येऊन 'घरात कोणाला ताप?' विचारणारा कर्मचारी. आजी-आजोबांना विचारा, आठवत असेल. १९६५च्या सुमाराला देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले होते, १९७६ साली ते ६४ लाखांच्या वर गेले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढंच की आपली पद्धत तापावर बेतलेली होती. ज्या भागात मलेरिया तुलनेने कमी आणि लोकांची सहनशक्तीही कमी, तिथे परजीवी अंगात आला की बहुधा ताप येतो. म्हणून तापाचा माग काढला की परजीवीचा माग लागतो. आफ्रिकेच्या सॅव्हानात हे गृहीतक पहिल्याच दिवशी कोसळतं.

आता परत गार्कीला येऊ.

जागतिक आरोग्य संघटना आणि नायजेरिया सरकार यांचा हा प्रकल्प १९६९ ते १९७६ चालला. तिथला प्रदेश कोरडा, पाऊस चारेक महिने, पण त्या महिन्यांत डासांचं राज्य. लोक हौसा आणि फुलानी. हौसा भाषेत तापाला म्हणतात 'झझाबी'; मलेरियाला सविस्तर नाव द्यायचं तर 'डास चावल्याचा ताप'. प्रकल्पाचा प्रश्न सरळ होता: आपल्याकडची सगळी हत्यारं एकदम वापरली तर अशा गावातला मलेरिया थांबतो का?

आधी बराच काळ नुसतं मोजलं. माणसं, डास, रक्त, जन्म, मृत्यू. रात्र रात्र बसून अंगावर येणारे डास पकडले, त्यांच्या लाळग्रंथी कापून परजीवी पाहिले. एका गावात माणसाला वर्षाकाठी १४५पर्यंत बाधित चावे होतात असा हिशेब निघाला. सरासरी दर अडीच रात्रींना एक बाधित डास. पुण्या-मुंबईतल्या मलेरियाच्या कल्पनेने हा आकडा समजून घेता येत नाही. इथे 'मला मलेरिया झाला' हे वाक्यच चुकीचं आहे. एक बरा व्हायच्या आत दुसरा आलेला असतो.

मग हत्यारं काढली. घरांत प्रोपॉक्झर या कीटकनाशकाची फवारणी. त्याने परजीवी असलेल्यांचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्यानेच घटलं. कारण मजेशीर आहे, म्हणजे दुरून मजेशीर. फवारणीचा सगळा हिशेब असा की डास घरात चावतो आणि मग पोट जड झाल्यामुळे भिंतीवर टेकतो. गार्कीतले बरेच डास घरात चावायचे आणि टेकायला बाहेर जायचे.

काही गावांत फवारणीच्या जोडीला सगळ्या लोकांना औषध दिलं. सल्फालीन आणि पायरिमेथामिन, काही गावांत दर दहा आठवड्यांनी, काही गावांत दर दोन आठवड्यांनी. इथे ओळ पुन्हा वाचा: सगळ्यांना. रक्तात परजीवी दिसो न दिसो. तपासणी चालू होतीच, पण ती निकाल मोजण्यासाठी; औषध कोणाला द्यायचं हे ठरवण्यासाठी नव्हे. दर दोन आठवड्यांच्या गावांत परजीवी असलेल्यांचं प्रमाण कोरड्या ऋतूत एक टक्क्याच्या आसपास उतरलं, पावसाळ्यात पाच टक्क्यांच्या. तान्ह्या बाळांचे मृत्यूही या गावांत कमी झाले.

पण शून्य आलं नाही. दर दोन आठवड्यांना औषध, वर फवारणी, दिमतीला तज्ज्ञांची फौज, साठ लाख डॉलरहून जास्त खर्च, आणि शून्य आलं नाही. एक टक्का माणसं पुढच्या पावसाळ्यातल्या डासांना पुरेशी होती. हत्यारं थांबवल्यावर मलेरिया परतला. १९८० साली मोलिनो आणि ग्रामिचिया यांनी प्रकल्पाचं पुस्तक काढलं आणि पुढची कित्येक वर्षं ते 'आफ्रिकेत हे होणार नाही' याचा दाखला म्हणून फिरत राहिलं. मला हे वाचन अर्धवट वाटतं. साध्य नव्हतं ते निर्मूलन. बाळं वाचत होती, हे त्याच पुस्तकात होतं.

गार्कीतून आणखी एक गोष्ट बाहेर पडली आणि खरं सांगायचं तर मी या विषयात ओढला गेलो तो तिच्यामुळे. डीट्झ, मोलिनो आणि थॉमस यांनी १९७४ साली या आकड्यांवर बेतलेलं एक गणिती मॉडेल मांडलं. गावातली माणसं सात खोक्यांत वाटलेली: परजीवी नसलेले, नुकताच संसर्ग झालेले, डासाला संसर्ग देऊ शकणारे, न देऊ शकणारे, आणि यांच्याच सहनशक्ती आलेल्या आवृत्त्या. मला भावलं ते पुढचं. परजीवी असलेला प्रत्येक जण काचपट्टीवर सापडेलच असं मॉडेल मानत नाही. सहनशक्ती आलेल्या माणसाच्या रक्तात परजीवी इतके विरळ असतात की पट्टी त्याला बऱ्याचदा चुकवते, आणि ही चूक समीकरणातच घातलेली आहे. मोजणाऱ्याने आपल्या मोजपट्टीचा आंधळेपणा मॉडेलचा भाग करायचा, हे आजही अनेक डॅशबोर्ड बनवणाऱ्यांना सुचत नाही.

तो आंधळेपणा केवढा? आजच्या रॅपिड टेस्टवर हिशेब करून पाहू. कोविडच्या घरगुती किटसारखीच पट्टी. रक्ताचा थेंब, वर द्रावण, पंधरा-वीस मिनिटांत एक रेघ किंवा दोन. एका मायक्रोलिटर रक्तात साधारण १०० परजीवी असतील तर ही टेस्ट ते ओळखते. प्रौढ माणसात रक्त पाच लिटर, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर. गुणाकार करा: ५० कोटी. म्हणजे अंगात काही कोटी परजीवी बाळगणारा माणूस निगेटिव्ह येऊन हसत घरी जाऊ शकतो. तापाने फणफणलेल्या रुग्णासाठी ही टेस्ट उत्तम आहे, तिने लाखोंचे जीव वाचवले आहेत, आपल्या आशाताई गडचिरोलीत तीच वापरतात. ताप नसलेल्याला शोधणं हे तिचं काम नाही.

तरी ते काम तिला सांगून पाहिलं गेलं. कल्पना दिसायला सुंदर होती: गार्कीत सगळ्यांना औषध दिलं, आता स्वस्त टेस्ट आहे तर ज्यांना गरज त्यांनाच देऊ. औषध वाया जाणार नाही, परजीवीला औषधाची सवयही लागणार नाही. कॉखचंच स्वप्न, क्विनाइनच्या जागी आर्टेमेथर-ल्यूमफँट्रिन. बुर्किना फासोत वागाडुगूच्या दक्षिणेला सापोने भागात १८ गावं निवडली. निम्म्या गावांत पावसाळ्याआधी महिना-महिन्याच्या अंतराने तीनदा सगळ्या लोकांची तपासणी, पॉझिटिव्ह येतील त्यांना औषध. निम्मी गावं तुलनेला. खर्च औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा, तेव्हा निकाल गोड लागावा असं वाटणारे कमी नसणार. २०१३ साली निकाल छापून आला. पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या तापाच्या मलेरियात फरक नाही. पावसाळा संपल्यावर तपासलं तर परजीवी बाळगणाऱ्यांचं प्रमाणही दोन्हीकडे सारखंच.

प्रामाणिकपणे छापलेलं अपयश ही दुर्मीळ गोष्ट आहे, त्याबद्दल मान द्यायला हवा. पण कारणं पाहिली की दार-एस-सलाम आठवतं. टेस्टने चुकवलेले विरळ परजीवी. तपासणीच्या दिवशी शेतावर किंवा परगावी असलेली माणसं. शेजारच्या गावातून येणारे पाहुणे आणि डास. माली देशात पुढे झालेल्या एका अभ्यासाने याला आणखी एक पदर जोडला. कोरड्या महिन्यांत डास नसताना परजीवी माणसाच्या रक्तात अगदी कमी संख्येने, गुपचूप तग धरून राहतो. बाधित पेशी जास्त वेळ रक्तात फिरत राहतात आणि पानथरी त्यातल्या बऱ्याच गाळून टाकते. त्यामुळे संख्या वाढत नाही, ताप येत नाही आणि माणूस मरत नाही. पाऊस येईपर्यंत दोघांचंही भागतं. सापोनेत तीनही फेऱ्या पावसाच्या आधीच्या होत्या. परजीवी जेव्हा सर्वांत विरळ, नेमका तेव्हा शोध.

झांबियाच्या दक्षिण प्रांतात, जिथे मलेरिया आधीच बराच उतरला होता, अशा मोहिमांचा थोडाफार उपयोग दिसला. तिथे रुग्ण सापडला की आरोग्यसेवक त्याच्या घरापासून १४० मीटरच्या आतली सगळी घरं तपासतात. कमी मलेरियात तपासणीला अर्थ आहे. गार्कीसारख्या ठिकाणी नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शिकेत सरसकट तपासून औषध देण्याच्या विरोधात, अटींसह, शिफारस केली.

गार्की आता जिगावा राज्यात येतं. तिथे आज मुलांना मलेरियापासून वाचवण्यासाठी जे चालतं त्यात रक्ताचा थेंब काढत नाहीत. २०१२ साली शिफारस झालेली ही योजना पावसाळ्यापुरती आहे. महिन्यातून एकदा स्वयंसेविका घरोघर जाते आणि तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला औषध देते, तपासणी न करता. गोळ्या दोन प्रकारच्या. एक अमोडायाक्विन. दुसरीत सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन. पायरिमेथामिन तेच, आणि सल्फाडॉक्सिन हे गार्कीतल्या सल्फालीनचं जवळचं भावंड. पहिल्या दिवसाचा डोस स्वयंसेविकेसमोर पाण्यात विरघळवून पाजतात. मूल ओकलं तर परत पाजतात. उरलेल्या दोन दिवसांच्या अमोडायाक्विनच्या गोळ्या आईच्या हातात देऊन ती कार्डावर खूण करते आणि पुढच्या घराकडे वळते.